खासगी विमा कंपन्या आणि सर्वांसाठी आरोग्यविमा : ही घडी बसवायची कशी?

मागच्या व्याख्यानात आपण ब्रिटनची व्यवस्था पाहिली. करातून पैसा येतो, रुग्णालयं बहुतांशी सरकारी आणि उपचाराच्या वेळी रुग्णाच्या खिशाला हात लागत नाही. आज आपल्याला त्याच मुक्कामाला जाणारी दुसरी वाट बघायची आहे. या वाटेवर विमा विकतात त्या खासगी संस्था. त्यांच्यात स्पर्धा असते, लोक दरवर्षी कंपनी बदलू शकतात आणि तरीही देशातल्या जवळजवळ प्रत्येक माणसाला विम्याचं संरक्षण मिळतं. नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंड हे दोन देश या वाटेने गेले आहेत. आपण मुख्यतः नेदरलँड्सचं उदाहरण घेऊ, कारण तिथली मांडणी जास्त विचारपूर्वक झाली आहे.

आता खासगी विमा कंपनी आणि 'सर्वांसाठी' हे शब्द शेजारी ठेवले की मनात शंका येते, आणि ती रास्त आहे. आपल्यापैकी ज्यांनी मेडिक्लेम घेताना फॉर्ममध्ये 'मधुमेह आहे' असं लिहिलंय, त्यांना ती शंका समजावून सांगायची गरज नाही. ज्याला विम्याची सगळ्यात जास्त गरज, तोच कंपनीला सगळ्यात नकोसा. हे कुणाच्या दुष्टपणामुळे होत नाही, धंद्याचं गणितच तसं आहे. म्हणून आजचा प्रश्न असा आहे : ते गणित बदलता येतं का? मधुमेह असलेला माणूस विमा कंपनीला हवासा वाटेल, अशी व्यवस्था करता येते का?

आधी गणित समजून घेऊ

शंभर माणसांची एक वस्ती धरू. आकडे आम्ही मुद्दाम सोपे घेतले आहेत. त्यातली ९० माणसं धडधाकट आहेत, त्यांचा वर्षाचा औषधपाण्याचा खर्च सरासरी २,००० रुपये. उरलेली १० आजारी आहेत, कुणाला मधुमेह, कुणाचं हृदय, कुणाची मूत्रपिंडं. त्यांचा खर्च माणशी ८२,००० रुपये. एकूण खर्च झाला १० लाख, म्हणजे माणशी १०,०००. सगळ्यांनी दहा-दहा हजार भरले की प्रश्न मिटला.

पण सक्ती नसेल तर काय होईल? धडधाकट माणूस म्हणेल, माझा खर्च दोन हजारांचा, मी दहा हजार कशाला भरू? समजा अशी ५० माणसं बाहेर पडली. उरले ५०, त्यांत आजारी दहाच्या दहा. खर्च ९ लाख, म्हणजे हप्ता १८,००० वर गेला. तो आकडा बघून आणखी ३० धडधाकट माणसं गेली. आता उरले २० जण, खर्च ८ लाख ४० हजार, हप्ता ४२,०००. दोन पायऱ्यांत हप्ता चौपटीच्या पुढे गेला आणि एकाही माणसाचा आजार वाढलेला नाही!

हे काही नुसतं कागदावरचं भय नाही. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक गाजलेला लेख लिहिला. पासष्टीपुढच्या माणसांना आरोग्यविमा मिळणं कठीण का जातं, याचं उत्तरही त्याने त्यात याच तर्काने दिलं होतं.

प्रत्यक्षातलं उदाहरण हवं असेल तर न्यूयॉर्क राज्याचं घ्या. १९९३ पासून तिथे नियम आला की विमा कंपनीने वैयक्तिक विमा मागणाऱ्या कुणालाही नाकारायचं नाही, आणि आजारावरून किंवा वयावरून हप्ता कमी-जास्त करायचा नाही. हेतू उत्तम होता. पण विमा घेणं लोकांच्या मर्जीवर ठेवलं. पुढच्या काळात धडधाकट माणसं गळत गेली आणि तिथला वैयक्तिक विमा अमेरिकेतल्या सर्वांत महाग विम्यांपैकी एक झाला. २०१४ पासून ओबामांच्या काळातल्या कायद्याने सक्ती आणि अनुदान दोन्ही लागू होणार म्हटल्यावर त्याच राज्यात नव्या वैयक्तिक पॉलिसींचे हप्ते आधीच्या निम्म्यावर येतील, असं राज्याने जाहीर केलं.

चुलीचे तीन दगड

चूल मांडायला तीन दगड लागतात. दोनावर भांडं ठेवलं तर ते कलंडतं. इथेही तसंच आहे.

पहिला दगड : कंपनीने कुणालाही नाकारायचं नाही आणि एका पॉलिसीला सगळ्यांकडून एकच हप्ता घ्यायचा.

दुसरा दगड : प्रत्येकाने विमा घ्यायचाच. 'मला काही होत नाही' ही सबब चालणार नाही.

तिसरा दगड : ज्याला हप्ता परवडत नाही त्याला सरकारने मदत करायची. जे विकत घेणं शक्यच नाही त्याची सक्ती केली तर तो निव्वळ दंड झाला.

न्यूयॉर्कने पहिला दगड मांडला आणि बाकीचे दोन विसरला. याउलट अमेरिकेत २०१९ पासून विमा न घेणाऱ्याचा केंद्रीय दंड शून्यावर आणला, तेव्हा पुष्कळांना वाटलं की आता सगळं कोसळणार. तसं झालं नाही, कारण तिसरा दगड, म्हणजे अनुदान, जागेवर होता. यावरून एक गोष्ट ध्यानात ठेवू. सक्ती आणि अनुदान या दोघांचं काम एकच आहे, धडधाकट माणसाला आत ठेवणं. एक धाकाने ठेवतं, दुसरं सवलतीने.

नेदरलँड्सने काय केलं

२००५ पर्यंत नेदरलँड्समध्ये दोन दुनिया होत्या. ठरावीक उत्पन्नाच्या खालच्या लोकांसाठी आजारनिधी होते, त्यांत सुमारे दोन तृतीयांश लोक होते. त्यावरच्या उत्पन्नाचे बरेचसे लोक खासगी विमा घ्यायचे. १९८७ साली फिलिप्स कंपनीचे माजी प्रमुख विसे डेकर यांच्या समितीने सुचवलं की ही भिंत पाडा, सगळ्यांना एकच मूळ विमा द्या आणि तो विकणाऱ्यांत स्पर्धा ठेवा. या कल्पनेमागे अमेरिकी अर्थतज्ज्ञ अ‍ॅलन एन्थोव्हन यांचा विचार होता. बाजार मोकाट सोडायचा नाही आणि बंदही करायचा नाही, त्याला नियमांच्या चौकटीत चालवायचं, असा तो विचार. समितीच्या अहवालापासून कायद्यापर्यंत जवळजवळ वीस वर्षं गेली. नवा कायदा लागू झाला १ जानेवारी २००६ रोजी.

त्याची रचना थोडक्यात बघू.

मूळ विम्यात काय काय असायचं हे सरकार ठरवतं. फॅमिली डॉक्टर, रुग्णालय, औषधं, बाळंतपण, मानसिक आजारावरचे उपचार हे सगळं त्यात येतं. कंपनीला त्यातून काही वगळता येत नाही. त्यामुळे बारीक अक्षरातल्या अटी लिहून आजारी माणसाला टाळण्याची वाट बंद होते. प्रौढांचे दात किंवा फिजिओथेरपी यांसाठी वेगळा पूरक विमा मिळतो. तो ऐच्छिक असतो आणि त्यात मात्र कंपनी अटी घालू शकते.

पैसा दोन वाटांनी येतो. प्रत्येक प्रौढ माणूस आपण निवडलेल्या कंपनीला थेट हप्ता देतो. २०२४ मध्ये तो महिन्याला सरासरी दीडशे युरोच्या आसपास होता. शिवाय उत्पन्नाच्या प्रमाणात एक वर्गणी असते, नोकरदारांच्या बाबतीत ती मालक भरतो. ती कंपनीकडे न जाता एका मध्यवर्ती निधीत जमा होते. कायद्याचा हिशोब असा की ढोबळ मानाने निम्मा पैसा या वाटेने यावा. अठरा वर्षांखालच्या मुलांना हप्ता नाही, त्यांचे पैसे सरकार त्या निधीत भरतं.

कमी उत्पन्नाच्या माणसाला दरमहा भत्ता मिळतो. २०२४ साली एकट्या माणसासाठी तो जास्तीत जास्त १२३ युरो होता. म्हणजे गरिबाचा बहुतेक हप्ता भरून निघतो. आणि तो भत्ता माणसाच्या हातात पडतो, कंपनीच्या नव्हे. त्यामुळे स्वस्त आणि चांगली पॉलिसी शोधण्यात त्याचाही फायदा असतो.

विमा घेतलाच नाही तर? आधी पत्र येतं, मग दंड होतो आणि तरीही ऐकलं नाही तर सरकारी यंत्रणा त्याच्या नावाने विमा काढून पैसे पगारातून वळते करते. हप्ते सहा महिने थकवले तर तीच यंत्रणा वसुली हातात घेते. पण त्या माणसाचा मूळ विमा तुटत नाही. इथे सक्तीला दात आहेत, तरी ते उपचाराच्या दारात उभे केलेले नाहीत. तिथे ९९ टक्क्यांहून अधिक लोक विमाधारक आहेत.

कुणाला न दिसणारा चौथा भाग

तीन दगड झाले, पण अजून चूल पेटलेली नाही. आता येतो या सगळ्या मांडणीचा गाभा. याच्याबद्दल वर्तमानपत्रांत फारसं येत नाही.

पुन्हा आपल्या वस्तीत जाऊ. शंभरही जणांना विमा सक्तीचा, हप्ता सगळ्यांना १०,०००. पण आता कंपन्या दोन आहेत. पहिलीकडे ६० माणसं, त्यांत आजारी फक्त २. दुसरीकडे ४० माणसं, त्यांत आजारी ८. पहिलीचं उत्पन्न ६ लाख, खर्च २ लाख ८० हजार, नफा ३ लाख २० हजार. दुसरीचं उत्पन्न ४ लाख, खर्च ७ लाख २० हजार, तोटा बरोबर तेवढाच, ३ लाख २० हजार. पहिलीने चांगली सेवा दिली म्हणून ती जिंकली का? नाही. तिच्याकडे आजारी माणसं कमी गेली, एवढंच.

मग पुढच्या वर्षी दोघीही काय शिकतील? आजारी माणसं टाळायला. कायद्याने नाकारता येत नाही ना, मग इतर युक्त्या निघतात. जाहिरातीत फक्त धावणारी तरुण पोरं दाखवायची. व्यायामशाळेची सवलत द्यायची, पण चांगल्या मधुमेहतज्ज्ञाशी करारच करायचा नाही. म्हाताऱ्यांच्या पत्रांना उशिरा उत्तरं द्यायची. लेखी नकार कुठेच नाही, पण माणसाला कळतं की आपण इथे नको आहोत.

यावर उपाय म्हणजे जोखीम वाटून घेणारा निधी. आपण त्याला समतोल निधी म्हणू. प्रत्येक धडधाकट माणसामागे कंपनीने निधीत ८,००० रुपये भरायचे, आणि प्रत्येक आजारी माणसामागे निधीने कंपनीला ७२,००० द्यायचे. करून बघा. पहिली कंपनी ५८ धडधाकटांचे ४ लाख ६४ हजार भरेल, २ आजाऱ्यांचे १ लाख ४४ हजार घेईल. निव्वळ देणं ३ लाख २० हजार. दुसरीला बरोबर तेवढेच मिळतील. नफा-तोटा दोन्ही शून्यावर आले.

आता गंमत बघा. दुसऱ्या कंपनीने मधुमेहींवर नीट लक्ष ठेवलं, पाय कापायची वेळ येण्याआधीच जखम सांभाळली, आणि आजारी माणशी खर्च ८२,००० वरून ७५,००० वर आणला, तर प्रत्येकामागे ७,००० रुपये तिचे. धडधाकट माणसाच्या दोन हजारांतून वाचवून वाचवून वाचवणार किती? म्हणजे आता कमाईची जागा आजारी माणसाची चांगली काळजी घेण्यात आहे. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. मधुमेही माणूस कंपनीला हवासा वाटू शकतो, पण त्याच्या डोक्यावर निधीने योग्य रक्कम ठेवली तरच.

आणि ती योग्य रक्कम ठरवणं हेच खरं अवघड काम. नेदरलँड्सने हा निधी १९९३ मध्येच, आजारनिधींसाठी सुरू केला. आधी हिशोब वय आणि लिंग यांवर होता. पण दोन साठीच्या बायकांपैकी एक रोज डोंगर चढत असेल आणि दुसरी डायलिसिसवर असेल, दोघींना एकच रक्कम देऊन कसं चालेल? म्हणून २००२ मध्ये, माणूस कायमची कोणती औषधं घेतो, हे हिशोबात आलं. २००४ मध्ये रुग्णालयातली आजारांची निदानं आली. म्हणजे २००६ मध्ये बाजार उघडला तेव्हा वजनकाटा बऱ्यापैकी तयार होता. डेकर समितीनंतरची वीस वर्षं निव्वळ वाया गेली नव्हती.

स्वित्झर्लंडने उलटं केलं. तिथला सक्तीचा विमा १ जानेवारी १९९६ पासून सुरू झाला. नियम कडक आहेत, मूळ विम्यावर नफा काढायलाही कंपन्यांना बंदी. पण समतोल निधी फक्त वय आणि लिंगावर चालवला. आदल्या वर्षीचा रुग्णालयातला मुक्काम हिशोबात यायला २०१२ उजाडलं, आणि औषधांचा हिशोब पूर्णपणे आला २०२० मध्ये. मधल्या काळात काही विमा-समूहांनी तरुण आणि निरोगी ग्राहक वेगळे काढण्यासाठी स्वस्तातल्या वेगळ्या कंपन्या काढल्या. लक्षात घ्या, नफ्याला बंदी असूनही माणसं निवडण्याचा खेळ चालूच राहिला. हप्ता कमी ठेवून बाजारात टिकायचं तर निरोगी माणूस लागतोच. मालक खासगी की सरकारी, नफा आहे की नाही, यापेक्षा आजारी माणसामागे मिळणारी रक्कम खरी आहे की नाही, हे इथे जास्त निर्णायक ठरलं.

हे सगळं करूनही काय उरतं

ही जादू नाही, तेव्हा उणी बाजूही पाहू.

एक, ही व्यवस्था स्वस्त नाही. नेदरलँड्सचा आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या आसपास आहे, स्वित्झर्लंडचा त्याहून जास्त.

दोन, रुग्णाच्या खिशातलं काही जातंच. नेदरलँड्समध्ये २००८ साली वर्षाचे पहिले १५० युरो प्रौढाने स्वतः भरायचे असा नियम आला, २०१६ पर्यंत ती रक्कम ३८५ झाली. पण फॅमिली डॉक्टरकडे जाणं आणि बाळंतपणाची सेवा त्यातून वगळली आहे. कारण साधं आहे. पहिल्या दारातच पैसे मागितले तर माणूस दुखणं अंगावर काढतो आणि पुढे ते महागात पडतं.

तीन, स्वित्झर्लंडमध्ये हप्ता उत्पन्नावर अवलंबून नाही. कमी उत्पन्नवाल्यांना अनुदान आहे, तरी मध्यमवर्गाला तो जड जातो. हप्ता उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये, असा प्रस्ताव जून २०२४ मध्ये सार्वमताला आला आणि पडला. पण त्याच लोकांनी एकच सरकारी विमा कंपनी करण्याचे प्रस्तावही २००७ आणि २०१४ मध्ये फेटाळले होते. तक्रार आहे, तरी निवडीचा हक्क सोडवत नाही.

आपल्याकडे याचा संबंध काय

महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. तिच्यात सरकारने कुटुंबामागे हप्ता भरून विमा कंपनीमार्फत उपचार देण्याची पद्धत वापरली. इथे कंपनीला माणूस निवडता येत नाही आणि माणसालाही कंपनी निवडता येत नाही. शिवाय भर मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन करायच्या उपचारांवर आहे. रोजच्या रक्तदाबाच्या गोळीचा खर्च बहुतेकांचा खिशातूनच जातो.

दुसरीकडे आपला मेडिक्लेमचा बाजार आहे. १ एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने पासष्टीची अट काढली. कंपन्यांनी सर्व वयांसाठी पॉलिसी ठेवायच्या आणि आधीपासूनच्या आजारासाठी वाट बघायला लावायची कमाल मुदत चार वर्षांवरून तीन वर्षांवर आली. पाऊल चांगलं आहे. पण वयाप्रमाणे हप्ता चढतोच आणि एखाद्याचा अर्ज नाकारायची मुभाही कंपनीला आहे. उद्या कुणी म्हणालं की कुणालाही नाकारू नका, सगळ्यांना एकच दर लावा, आणि बाकीचे दोन दगड मांडलेच नाहीत, तर आपण न्यूयॉर्कच्या वाटेला लागू. तेव्हा अशी कुठलीही योजना जाहीर झाली की तिला चार प्रश्न विचारायचे : कुणाला नाकारता येतं का? धडधाकट माणूस आत राहील का? गरिबाचा हप्ता कोण भरणार? आणि आजारी माणूस घेतल्याबद्दल कंपनीला नेमकं काय मिळणार? चौथ्याचं उत्तर गुळमुळीत मिळालं तर बाकी तिघांची उत्तरं फार काळ टिकत नाहीत.

व्याख्यानानंतरचे दोन प्रश्न

*एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरकारनेच थेट पैसे का देऊ नयेत?*

देता येतात, आणि पुष्कळ देश देतात. नेदरलँड्सने ही वाट धरली कारण खासगी विमेदार आणि आजारनिधी तिथे आधीपासून होते. ते मोडण्यापेक्षा नियमात बांधणं त्यांना सोपं वाटलं. मात्र एक गैरसमज नको. या वाटेत सरकारचं काम कमी होत नाही. मूळ विमा ठरवणं, वसुली, भत्ता, समतोल निधी, देखरेख हे सगळं सरकारचंच. ज्या सरकारला हे जमत नाही, त्याने कंपन्यांवर भिस्त ठेवून सुटका होत नाही.

*आपल्याकडे सक्ती कशी करणार? पगारपत्रक तरी किती जणांचं आहे?*

हीच खरी अडचण. शेतमजूर, फेरीवाला, घरकाम करणारी बाई यांचा हप्ता पगारातून कापता येणार नाही. म्हणून आपल्याकडे दुसऱ्या दगडाचं वजन तिसऱ्यावर येणार. म्हणजे मोठ्या लोकसंख्येचा हप्ता करातून भरावा लागणार. त्यासाठी पैसा कुठून आणायचा, हा पुढच्या व्याख्यानाचा विषय आहे. तोवर वस्तीचं आजचं गणित घरी कागदावर एकदा मांडून बघा. ९० आणि १० ऐवजी ८० आणि २० घ्या, आणि निधीने आजाऱ्यामागे किती द्यावं ते काढा. उत्तरं घेऊन या, तिथून सुरुवात करू.